‘रिपीट’ म्हणजे पुन्हा शोधणे



दहावीचा निकाल लागला की आपल्या घराघरांत एक इंग्रजी शब्द हळू आवाजात बोलला जातो. मूल पास झाले तर पेढे वाटले जातात. नापास झाले तर दार लोटून घेतले जाते आणि कोणीतरी म्हणते, “आता रिपीट करावं लागेल.” त्यानंतर वर्षभर त्या मुलाला त्याच्या नावाने फारसे कोणी ओळखत नाही. तो ‘रिपीटर’ होतो. बोर्डाच्या कागदावर त्याच्यासाठी ‘पुनर्परीक्षार्थी’ असा सभ्य शब्द आहे, पण गल्लीत तो कोणी वापरत नाही.

त्याच दिवसांत आपल्या जिल्ह्यात आणखी एक ‘रिपीट’ घडते आणि ते परीक्षेपेक्षा कठीण असते. मृगाच्या पहिल्या सरींवर विसंबून शेतकरी पेरणी करतो. मग पाऊस दडी मारतो. ऊन तापते, उगवलेले कोंब करपतात आणि उसनवारी करून पुन्हा बियाण्याची थैली घरी आणावी लागते. आपण याला दुबार पेरणी म्हणतो.

तिसरे ‘रिपीट’ आपणा सर्वांच्याच वाट्याला येते. मागच्या उपवासकाळात केलेला निश्चय या उपवासकाळात पुन्हा करावा लागतो. राग आवरीन, दारू सोडीन, भावाशी बोलणे सुरू करीन. पापनिवेदनाला जाताना पुष्कळांच्या मनात येते, तेच पाप आणि तेच शब्द घेऊन पुन्हा गेलो तर फादर काय म्हणतील? आणि देव तरी काय म्हणेल?

या तिन्ही ठिकाणी प्रश्न एकच आहे. पुन्हा केलेल्या गोष्टीची किंमत पहिल्यापेक्षा कमी असते का? दुसरी वेळ म्हणजे केवळ पहिल्या वेळेच्या अपयशाची पावती, की तिला स्वतःचा काही अर्थ आहे? या रविवारी आपण या प्रश्नाचा थोडा शांतपणे विचार करू. सुरुवात त्या इंग्रजी शब्दापासूनच करू.

शब्दाचे मूळ

‘रिपीट’ हा शब्द इंग्रजीत फ्रेंचमधून आला आणि फ्रेंचमध्ये लॅटिनमधून. लॅटिन क्रियापद आहे ‘रेपेतेरे’. त्यातील ‘रे’ म्हणजे पुन्हा. ‘पेतेरे’ म्हणजे एखाद्या गोष्टीकडे धाव घेणे, ती शोधणे, ती मागणे. कोर्टात आपण ‘पिटिशन’ दाखल करतो तो शब्द याच ‘पेतेरे’पासून आला. भुकेला इंग्रजीत ‘अॅपेटाइट’ म्हणतात, त्यातही हेच क्रियापद आहे. म्हणजे ‘रिपीट’ या शब्दाच्या पोटात मुळात नक्कल नव्हती, मागणी होती. रिपीट करणे म्हणजे पुन्हा शोधणे, पुन्हा मागणे.

प्राचीन रोममध्ये या क्रियापदाला न्यायाचाही अर्थ होता. जिंकलेल्या प्रांतांतील लोकांना रोमन सुभेदार लुबाडत असत. तो पैसा परत मागता यावा म्हणून इ.स.पू. १४९ मध्ये एक कायमचे न्यायालय स्थापन झाले. त्या दाव्यांचे नाव याच क्रियापदावरून पडले होते, आणि त्याचा अर्थ ‘जे परत मागायचे आहे ते’ असा होता. ज्याचे हिरावून घेतले गेले त्याने ते पुन्हा मागणे, हा ‘रेपेतेरे’चा एक जुना अर्थ आहे.

भाषेचे अभ्यासक आणखी एक नाते सांगतात. लॅटिनमधील ‘पेतेरे’ आणि संस्कृतमधील ‘पत्’ हे धातू एकाच मुळाचे आहेत. संस्कृतात ‘पत्’चे दोन अर्थ होतात, उडणे आणि पडणे. ‘पत्र’ म्हणजे मुळात पंख किंवा पीस. पान आणि चिठ्ठी हे अर्थ पुढचे. ‘पतंग’ म्हणजे उडणारा जीव. आणि ‘पतन’, ‘पतित’ हे शब्दही याच धातूचे. उडणारा आणि पडणारा यांना आपल्या पूर्वजांनी एकाच धातूत ठेवले, ही गोष्ट आम्हांला फार विचार करायला लावणारी वाटते.

येथे एक सावधगिरी हवी. शब्दाचे मूळ सापडले म्हणजे सत्य सापडले असे होत नाही. आज ‘रिपीट’ म्हणताना कोणी शोधण्याचा विचार करत नाही आणि शब्द काळाबरोबर बदलतच असतात. पण मूळ कळले की आपल्या हाती एक चांगला प्रश्न येतो. आपण जे पुन्हा करत आहोत त्यात काही शोधत आहोत का?

आपल्या भाषेतील उत्तरे

मराठीतही पुन्हा करण्याला अनेक शब्द आहेत आणि प्रत्येकात एक वेगळे चित्र आहे. ‘पुनरावृत्ती’मध्ये फिरण्याचे चित्र आहे. चाक फिरते तसे आपण फिरून त्याच जागी येतो. ‘घोकंपट्टी’मध्ये फक्त आवाज आहे, अर्थ नाही. पण ‘उजळणी’ हा शब्द पाहा. तांब्यापितळेचे भांडे चिंच लावून घासतात तेव्हा ते उजळते. भांडे तेच असते, नवे काही आणलेले नसते. त्याच्यावर धरलेला काळा थर तेवढा जातो. आपल्या आज्या पाढ्यांच्या पुन्हा म्हणण्याला उजळणी म्हणत, घोकणे नव्हे. हा भेद त्यांना ठाऊक होता.

चौथा शब्द ‘तालीम’. कुस्तीच्या आखाड्याला आपण तालीम म्हणतो आणि नाटकाच्या सरावालाही. मूळ अरबी शब्दाचा अर्थ आहे शिक्षण. हा शब्द वर्ध्याच्या इतिहासात मोठ्या अक्षरांत लिहिलेला आहे. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथे शिक्षण परिषद भरली आणि तिच्यातून गांधीजींची ‘नई तालीम’ पुढे आली. त्या शिक्षणात मुले तकलीवर सूत काढत. सूत काढणे हे जगातील सर्वांत कंटाळवाण्या पुनरावृत्तीचे काम आहे, असे कोणी म्हणेल. पण कल्पना अशी होती की त्या सुतातूनच मुलाने तार मोजावे, गणित शिकावे, कापसाचे झाड कसे वाढते आणि कोणत्या मातीत वाढते हे जाणून घ्यावे. हात तेच काम पुन्हा करत असताना मन दर वेळी नवे काही शोधू शकते, हा विश्वास त्यामागे होता. तो मागे पडला की उरते ती निव्वळ मजुरी.

वखराची पाळी

नाटकाच्या तालमीला इंग्रजीत ‘रिहर्सल’ म्हणतात. या शब्दाचे मूळ तर थेट आपल्या शेतात सापडते. जुन्या फ्रेंचमध्ये ‘हर्स’ म्हणजे जमीन मोकळी करण्याचे दातेरी अवजार, वखराच्या जातीचे. ‘रिहर्स’ म्हणजे त्या अवजाराची शेतात पुन्हा पाळी देणे.

आपल्यातील शेतकरी बांधवांना याचा अर्थ समजावून सांगायला नको. काळ्या जमिनीला वखराची एक पाळी देऊन कोणी थांबत नाही. पहिल्या पाळीने ढेकळे फुटतात आणि तण वर येते. दुसऱ्या पाळीने जमीन भुसभुशीत होते. शेत तेच, बैल तेच, वखर तोच. पण दुसरी पाळी पहिलीची नक्कल नसते, कारण पहिल्या पाळीने जमीन बदललेली असते. दुसऱ्या वेळी वखर ज्या मातीत उतरतो ती माती आदल्या वेळी तेथे नव्हती.

आता दुबार पेरणीकडे येऊ. ती वखराच्या पाळीसारखी आनंदाने दिलेली नसते, ती लादलेली असते. २००६ साली पंतप्रधानांनी विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी विशेष पॅकेज जाहीर केले, त्यांत आपला वर्धा जिल्हा होता. ते का द्यावे लागले हे आपल्या गावांना ठाऊक आहे. त्यामुळे येथे बसून “धीर धरा, पुन्हा पेरा” असे सोपे वाक्य लिहिण्याचा आम्हांला अधिकार नाही. ज्याच्या घरातील दागिना बियाण्यापायी गेला, त्याला उपदेशाआधी सोबत हवी असते.

पण दुबार पेरणी कशी होते हे पाहिले तर आपल्या प्रश्नाचे काही उत्तर तिच्यात मिळते. शहाणा शेतकरी दुसऱ्यांदा तसेच्या तसे पेरत नाही. तो आधी शेतात फिरतो. सगळेच मोडायचे, की नुसते नांगे भरून भागेल, हे पाहतो. कृषी विभाग दरवर्षी सांगतो की ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नये. तेवढा झाला का, याची तो चौकशी करतो. घरचे सोयाबीन असेल तर ओल्या गोणपाटावर १०० दाणे मांडून किती उगवतात ते मोजतो. पेरणीला उशीर झाला असेल तर मूग-उडदाचा नाद सोडतो आणि लवकर येणारे वाण शोधतो. म्हणजे त्याने ‘पुन्हा’ पेरले, पण पेरण्यापूर्वी पुन्हा शोधले. एवढे करूनही पाऊस त्याच्या हाती नसतो. तरीही त्याने केलेले काम आणि डोळे मिटून केलेले काम यांत मोठे अंतर आहे.

संत लूकच्या शुभवर्तमानात अंजिराच्या झाडाचा दाखला आहे. तीन वर्षे फळ नाही म्हणून मालक झाड तोडायला सांगतो. माळी आणखी एक वर्ष मागून घेतो. हा दाखला आपण देवाच्या सहनशीलतेचा म्हणून ऐकतो आणि ते बरोबरच आहे. पण माळ्याने मागितलेले चौथे वर्ष मागच्या तीन वर्षांसारखे नव्हते. त्या वर्षी तो झाडाभोवती खणणार होता आणि खत घालणार होता. नुसती मुदतवाढ त्याने मागितली नाही.

रिपीटर मुलांच्या आईवडिलांना

म्हणून आमची आईवडिलांना विनंती आहे. २०१५ पासून दहावीच्या नापास विद्यार्थ्यांसाठी पुरवणी परीक्षा त्याच वर्षी, निकालानंतर थोड्या आठवड्यांतच घेतली जाते. वर्ष वाया जाण्याची भीती त्यामुळे बरीच कमी झाली. पण त्या थोड्या आठवड्यांत आपण काय करतो? मुलाला खोलीत बसवतो, तेच गाइड हातात देतो आणि दिवसातून चार वेळा शेजारच्या मुलाचे गुण ऐकवतो. हे तसेच्या तसे पुन्हा पेरणे झाले.

त्याऐवजी उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवता येते. ती घेऊन मुलाच्या शेजारी बसावे. कोठे अडले? प्रश्न समजला नाही, की वेळ पुरला नाही, की सातवीतला एखादा धडाच कच्चा राहिला होता? जे मूल आपली चूक कोठे झाली हे शोधू लागते, त्याचा अभ्यास त्याच क्षणी नवा होतो. आणि त्याला रिपीटर म्हणायचेच असेल तर शब्दाच्या मूळ अर्थाने म्हणावे, म्हणजे पुन्हा शोधणारा.

ग्रीक तत्त्वज्ञ अॅरिस्टॉटल सांगतो की वीणा वाजवत राहूनच माणूस वीणावादक होतो आणि न्यायाची कृत्ये करत राहूनच न्यायी होतो. सद्गुण हा एका दिवसाचा पराक्रम नसतो, ती हळूहळू पडलेली सवय असते. पण तेथेच तो असेही बजावतो की वाजवूनच वाईट वादकही तयार होतात. म्हणजे केवळ पुन्हा करणे पुरत नाही. चुकीचे तेच पुन्हा केले तर चूकच पक्की होते.

गावोगाव एकच मागणी

पुन्हा मागण्याचे सर्वांत मोठे उदाहरण आपल्या शेजारचेच आहे. पवनारला धाम नदीच्या काठी विनोबा भावे यांचा आश्रम आहे. १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातील पोचमपल्ली गावात भूमिहीन दलित कुटुंबांनी त्यांच्याकडे ८० एकर जमीन मागितली आणि त्याच सभेत रामचंद्र रेड्डी यांनी १०० एकर देऊ केली. तेथून भूदान सुरू झाले. त्यानंतर तेरा वर्षे विनोबा देशभर चालत राहिले आणि १९६४ साली पवनारला परतले. प्रत्येक गावात मागणी एकच होती. तुम्हांला पाच मुलगे असतील तर मला सहावा समजा आणि सहावा हिस्सा भूमिहीनांसाठी द्या.

किती गावांत त्यांनी हे सांगितले असेल! ऐकणाऱ्याला प्रत्येक ठिकाणी ते पहिल्यांदाच ऐकायला मिळत होते. सांगणाऱ्याला मात्र तेच शब्द रोज उच्चारावे लागत होते. ते शिळे का झाले नाहीत? कारण ते मागणे त्या गावातल्या खऱ्या भूमिहीन माणसासाठी होते. चेहरा नवा होता म्हणून वाक्य जुने झाले नाही.

या चळवळीची दुसरी बाजूही सांगायला हवी. चाळीस लाखांहून अधिक एकर जमीन कागदावर आली, पण तिच्यातील पुष्कळ जमीन खडकाळ होती, काही वादात अडकली होती आणि मोठा भाग कधी वाटलाच गेला नाही. विनोबांनी पुन्हा पुन्हा मागितले. ज्यांनी दिलेला शब्द पुन्हा तपासून पुरा करायचा होता, त्यांच्यातील पुष्कळ जण थकले. एकाच्या चिकाटीला दुसऱ्याच्या चिकाटीची साथ लागते.

शुभवर्तमानातील ती विधवाही हेच करते. न्यायाधीश देवाला भीत नाही, माणसाची पर्वा करत नाही, तरी ती येत राहते. ती रोजच्या रोज आपले हक्काचे परत मागते. रोमन कायद्याच्या भाषेत सांगायचे तर ती ‘रिपीट’ करत होती. आज तहसील कचेरीच्या पायऱ्या पुन्हा पुन्हा चढणाऱ्या आपल्या गावातील विधवांना कोणी चिवट म्हणून हसू नये. त्यांच्यासाठीच हा दाखला सांगितलेला आहे.

तीच प्रार्थना रोज का?

आपल्या तरुणांचा एक आक्षेप आम्ही नेहमी ऐकतो. “फादर, रोझरीत तीच प्रार्थना पन्नास वेळा कशाला? देवाला एकदा सांगितलेले कळत नाही का?” प्रश्न उद्धटपणाचा नाही. स्वतः प्रभू येशूने अर्थहीन बडबडीविरुद्ध ताकीद दिली आहे आणि ती संत मत्तयच्या सहाव्या अध्यायात आहे. पण त्याच अध्यायात, त्या ताकिदीला लागूनच, त्याने आपल्याला जी प्रार्थना शिकवली तीत रोजची भाकर मागितलेली आहे. कालची भाकर आज पोट भरत नाही. म्हणून मागणेही रोजचेच असते. अरण्यात इस्राएली लोकांनी मान्ना दुसऱ्या दिवसासाठी साठवला तेव्हा तो नासला. आपल्या घरातील आया-बहिणी रोज पहाटे चूल किंवा गॅस पेटवतात तेव्हा त्या कालचेच काम करत नसतात. त्या आजच्या भुकेला उत्तर देत असतात. त्यांच्या या पुनरावृत्तीला आपण काम म्हणूनही मोजत नाही, हा आपला दोष आहे.

गेथशेमाने बागेत प्रभूने तीन वेळा प्रार्थना केली. मत्तय म्हणतो की तिसऱ्यांदाही शब्द तेच होते. पण बारकाईने वाचले तर दिसते की पहिल्या प्रार्थनेत प्याला टळावा अशी विनंती पुढे आहे. दुसऱ्या वेळी, तो टळणारच नसेल तर पित्याची इच्छा पुरी होवो, हा भाव पुढे आला आहे. प्रार्थना एकच, पण दोन वेळांच्या मधे प्रभूचे मन एक मोठे अंतर चालून गेले आहे. हे अंतर एकदाच प्रार्थना करून चालता आले नसते.

पोप जॉन पॉल दुसरे यांनी ऑक्टोबर २००२ मध्ये रोझरीविषयी जे पत्र लिहिले त्यात पुनरुक्तीचा हा प्रश्न घेतला आहे आणि पुनरुत्थित प्रभूने पेत्राला तीनदा विचारलेल्या प्रश्नाची आठवण दिली आहे. तू माझ्यावर प्रेम करतोस का? तिसऱ्यांदा विचारल्यावर पेत्र दुखावला. पण त्याने तीनदा नाकारले होते. तिन्ही नकारांना एकेक उत्तर देण्याची संधी त्याला मिळाली. प्रश्न एकदाच विचारला असता तर दोन नकार तसेच पडून राहिले असते.

खोटी पुनरावृत्ती

येथवर आपण पुन्हा करण्याची चांगली बाजू पाहिली. आता दुसरी बाजू पाहायला हवी, नाहीतर हा लेख अर्धवट राहील.

एखादी ऐकीव गोष्ट आपण पुढे सांगतो, मोबाइलवर पुढे पाठवतो. ती खरी आहे का हे आपण शोधत नाही. १९७७ साली अमेरिकेतील काही मानसशास्त्रज्ञांनी प्रयोग करून दाखवले की एखादे विधान, खरे असो वा खोटे, पुन्हा पुन्हा ऐकले की ते माणसाला अधिक खरे वाटू लागते. म्हणजे आपण एखाद्या मुलीविषयी किंवा एखाद्या समाजाविषयी अफवा दहाव्यांदा सांगतो, तेव्हा तिला पुरावा न देताच वजन देतो. हे ‘रिपीट’च्या अगदी उलट आहे, कारण येथे मागणे नाही, शोधणे नाही, फक्त आवाज आहे.

याहून गंभीर गोष्ट घरात घडते. नवरा दारू पिऊन बायकोला मारतो. सकाळी रडतो, क्षमा मागतो, पुन्हा होणार नाही म्हणतो. महिन्याभरात पुन्हा तेच. अशा बहिणीला कोणीतरी शुभवर्तमान ऐकवते की सत्तर गुणिले सात वेळा क्षमा करावी. या बाबतीत आम्हांला स्पष्ट बोलायचे आहे. क्षमा करणे म्हणजे मार खात राहणे नव्हे. मनातून सूड काढून टाकणे ही क्षमा; हाताला अडवणे, माहेरी किंवा सुरक्षित जागी जाणे, २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याची मदत घेणे हे क्षमेच्या विरुद्ध नाही. धर्मग्रामाचे दार अशा बहिणीसाठी कोणत्याही वेळी उघडे आहे.

आणि त्या बांधवालाही सांगायचे आहे. तुझी दहावी क्षमायाचना देव नाकारणार नाही. पण ती पहिल्या नऊंची नक्कल असेल तर ती क्षमायाचना नव्हे, घोकंपट्टी आहे. या वेळी वेगळे काय करणार? कोणत्या मित्राकडे जाणे बंद करणार? पगार कोणाच्या हाती देणार? कोणत्या डॉक्टरकडे, दारू सोडवणाऱ्या कोणत्या गटाकडे जाणार? झाडाभोवती खणल्याशिवाय चौथे वर्ष मागू नकोस. आणि खणलेस, आणि तरीही पडलास, तर मात्र लाजून घरी बसू नकोस. पुन्हा ये. पापनिवेदनाला बसलेला धर्मगुरू तू कितव्यांदा आलास हे मोजत नाही. तू काही शोधत आहेस का, एवढेच त्याला पाहायचे असते.

जे परत येत नाही

शेवटी एक कठीण गोष्ट. सगळेच पुन्हा मिळत नाही. डेन्मार्कचा ख्रिस्ती तत्त्वज्ञ सोरेन किर्केगार्ड याने १८४३ साली ‘पुनरावृत्ती’ याच नावाचे एक पुस्तक लिहिले. त्यातील एक माणूस पूर्वी आवडलेला बर्लिनचा प्रवास तसाच्या तसा पुन्हा करून पाहतो. तेच शहर, तेच घर, तेच नाटकगृह; पण काहीच जमत नाही. ज्याला गतकाळ जसाच्या तसा हवा असतो त्याच्या हाती काही लागत नाही. त्याच पुस्तकातील एक दुःखी तरुण मात्र ईयोबाचा ग्रंथ उराशी धरतो.

ईयोबाचे काय झाले? त्याचे गेलेले धन त्याला दुप्पट मिळाले. मेंढ्या, उंट, बैल, गाढवे, सारे दुप्पट. पण मुले? पूर्वी सात मुलगे आणि तीन मुली होत्या आणि नंतरही तितकीच झाली. मुलांचा हिशेब दुप्पट झाला नाही. पवित्र शास्त्राला ठाऊक आहे की मेंढीच्या जागी मेंढी येते, पण लेकराच्या जागी लेकरू येत नाही. ज्या घरातून कर्ता माणूस गेला त्या घराला “सगळे पुन्हा ठीक होईल” असे आपण म्हणू नये. तेथे बसावे, शेतातील एक दिवसाचे काम करून द्यावे, मुलांच्या फीची सोय पाहावी. आणि दुसऱ्या आठवड्यात पुन्हा जावे. तेराव्यानंतर सांत्वनाला जाणारी माणसे कमी होतात. खरी गरज तेव्हाच सुरू होते.

बंधू-भगिनींनो, पडणे आणि उडणे एकाच धातूत आहेत हे आपण पाहिले. पडलेल्याने पुन्हा उठावे ही अपेक्षा देव एकट्या माणसाकडून करत नाही, धर्मग्रामाकडूनही करतो. या आठवड्यात कुटुंबप्रार्थनेच्या वेळी दोन प्रश्न एकमेकांना विचारून पाहा. आपल्या घरात असे कोणते काम, कोणते भांडण किंवा कोणता निश्चय आहे, जो आपण तसाच्या तसा पुन्हा करत आहोत? आणि या वेळी त्यात वेगळे काय शोधता येईल? आपल्या ओळखीचे एखादे मूल पुरवणी परीक्षेला बसत असेल, एखाद्या शेजाऱ्यावर दुबार पेरणीची पाळी आली असेल, तर त्यांची नावे प्रार्थनेत घ्या आणि नंतर त्यांच्या घरी जाऊन या.

रात्रभर जाळे टाकून रिकाम्या हाताने परतलेल्या पेत्राला ज्याने पुन्हा खोल पाण्यात पाठवले, तो प्रभू आपणा सर्वांना पुन्हा शोधण्याचे बळ देवो.